अँटवर्प येथील ताम्रचित्रें

बेल्जम देशांतील अँटवर्प शहराचें नांव आपल्या लोकांच्या कानीं येतें तें बहुधा हिऱ्यांच्या व्यापारासंबंधानें. आगगाडीच्या त्या राजवाड्यासारख्या स्टेशनांतून बाहेर पडलें म्हणजे जवळच हिऱ्यांच्या पेढ्या लागतात, व त्यांवर गुजराती आडनांवेंही वाचावयास मिळतात. परंतु सोळाव्या व सतराव्या शतकांत ह्या शहराहून जो माल देशोदेशीं जात असे, त्यांत हिऱ्यांहून पुष्कळ स्वस्त, पण आमच्या मतें तितकाच मोलाचा असा एक जिन्नस होता. तो म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलीं चित्रें. त्यांचा फार मोठा भाग ख्रिस्ती लोकांच्या बायबलांतील कथांचा असे. अशा चित्रास ह्या लेखांत आम्ही 'ताम्रचित्र' असें म्हणणार आहों. तीं पाहण्याकरितां आम्ही उभयतां अँटवर्पास चार दिवस राहिलों, त्याचा हा वृत्तांत आहे.

हीं चित्रें ह्याच शहरीं इतकीं कां निघालीं, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १५६६ सालीं सुधारक पंथाच्या जमावांनीं येथील देवळांत शिरून मूर्ति फोडल्या व चित्रें फाडलीं. कारण देवाची प्रतिमा करणें हेंच त्यांच्या मतें पाप. त्याच्या आधीं तीनच वर्षें, १५६३ च्या डिसेंबरांत, ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें उलट निर्णय दिला होता. मान दिला जातो तो रंगास किंवा दगडास नव्हे, त्यांनीं जी मूळ व्यक्ति दाखविली तिला. आणि अक्षरशून्य लोकांस धर्मकथा समजावयास चित्रासारखें साधन नाहीं, असा त्या निर्णयाचा आशय होता. सगुण-निर्गुणाचा वाद ज्यांनीं कीर्तनांत ऐकला आहे, त्यांस ह्यांतील कोणताच पक्ष अपरिचित वाटणार नाहीं. १५८५ सालीं स्पेनच्या सैन्यानें शहर काबीज केलें, सुधारक पंथाचे लोक घरेंदारें सोडून उत्तरेस निघून गेले, आणि उघड्या पडलेल्या देवळांस पुन्हां चित्रें हवींशीं झालीं. १६०८ च्या अखेरीस पीटर पॉल रूबेन्स हा चित्रकार इटलींतून परत आला. १६०९ त बारा वर्षांचा तह झाला. हाच येथील 'बरोक' कलेचा उदय. वेड्यावांकड्या मोत्यास पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. ह्या कलेंत शांत, समतोल मांडणी नसते. प्रसंग ऐन घडत असतां धरलेला असतो, शरीरें पिळवटलेलीं असतात, आणि अंधारांत एकीकडूनच प्रकाशाचा झोत येतो.

शहराच्या जुन्या भागांत शुक्रवारच्या बाजाराचा म्हणून एक लहान चौक आहे. तेथें शुक्रवारीं अद्यापिही जुन्या सामानाचा लिलांव होतो. ह्या चौकाच्या एका बाजूस क्रिस्तोफ प्लांटीन ह्या मुद्रकाचा वाडा आहे. प्लांटीन मूळचा फ्रान्सचा. पुस्तकबांधणीचा धंदा करीत तो येथें आला, १५५५ सालीं त्यानें छापखाना घातला, व १५७६ त तो ह्या जागीं आणला. त्याच्यामागून त्याचा जांवई यान मोरेटस व पुढें त्या जांवयाचे वंशज ह्यांनीं तो सुमारें तीनशें वर्षें चालविला. १८७६ सालीं शेवटच्या मालकानें वाडा सर्व सामानासुद्धां नगरपालिकेस विकला. दुसऱ्याच वर्षीं त्याचें संग्रहालय झालें, व २००५ सालीं युनेस्कोनें त्याची जागतिक वारशांत गणना केली. प्लांटीनचें चिन्ह सोन्याच्या कंपासाचें. कंपासाचा एक पाय स्थिर, तो निष्ठेचा. दुसरा फिरता, तो श्रमाचा. हें चिन्ह दारावर, पुस्तकांवर, जागोजाग दिसतें. आंत गेलें म्हणजे अंगण, अंगणाभोंवतीं दालनें, भिंतींस सोनेरी वेलबुट्टीचें चामडें, आणि एका लांबट खोलींत रांगेनें उभीं असलेलीं छापयंत्रें. त्यांतील दोन इ. स. १६०० च्या सुमाराचीं, म्हणजे आज जगांत शिल्लक असलेल्यांपैकीं सर्वांत जुनीं. वरच्या मजल्यावरील संग्रहांत सुमारें १४,००० लांकडी ठसे व जवळजवळ ३,००० कोरलेले तांब्याचे पत्रे आहेत.

ते पत्रे पाहतांच आम्हांस आपल्याकडील ताम्रपटांची आठवण झाली. परंतु दोहोंचा हेतु अगदीं निराळा. आपल्याकडे तांबें कोरीत तें एकच प्रत शेंकडों वर्षें टिकावी म्हणून. इनामाचा लेख आचंद्रार्क राहावा म्हणून. येथें तांबें कोरीत तें एकाच्या हजार प्रति व्हाव्या म्हणून.

कोरण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवावयाचा. पोलादी कोरणीची मूठ तळहातांत दाबून ती पुढें रेटावयाची. वळण हवें असेल तेथें उजवा हात वळवावयाचा नाहीं; डाव्या हातानें पत्राच फिरवावयाचा. कोरणी खोल गेली तर रेषा जाड उमटते, हलकी धरली तर केंसासारखी. चराच्या कांठावर तांब्याची जी कड उभी राहते ती खरवडून काढावयाची. पुढें जवसाच्या तेलांत खललेली काळी शाई सबंध पत्र्यास फांसून पुसून घ्यावयाची. वरची शाई जाते, चरांतली तेवढी राहते. मग ओलसर कागद वर घालून, उंसाच्या चरकांतून कांडें जावें तसा तो पत्रा दोन जड लाटांमधून काढावयाचा. चरांतील शाई कागद ओढून घेतो. चांगल्या प्रति हजाराच्या आसपास निघतात. पुढें रेषा झिजून चित्र फिकें पडतें. टाइपाचे खिळे उठावाचे व ह्या रेषा खोलगट, म्हणून अक्षरें व चित्रें एका यंत्रावर छापतां येत नाहींत. एकच पान दोन यंत्रांतून काढावें लागे, व सचित्र ग्रंथाची किंमत त्यामुळें वाढे.

ह्यांत आणखी एक अडचण आहे, व धर्मकथेंत ती लहान नव्हे. पत्र्यावर जें उजवीकडे, तें कागदावर डावीकडे उतरतें. आशीर्वादाचा हात उजवाच पाहिजे; अंतिम न्यायाच्या दिवशीं पुण्यवान लोक ख्रिस्ताच्या उजव्या अंगास व पापी डाव्या अंगास, असें शास्त्र आहे. तेव्हां कोरणाऱ्यास सगळा प्रसंग आधीं मनांत उलटा करून मग तांब्यावर उतरावा लागे. शिवाय त्याच्यापाशीं रंग नाहीं. रक्ताचा लाल, आकाशाचा निळा, मांसाचा गौर, हे सर्व त्यानें काळ्या रेषांच्या जाडी-बारकीनें, जवळिकीनें व छेदानें सुचवावयाचे. जो भाग पांढरा हवा तेथें कांहींच कोरावयाचें नाहीं. तेथें कागदच उजेड होतो.

ह्या कलेचा धर्मकार्याकडे पद्धतशीर उपयोग जेझुइट पंथानें केला. त्या पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला ह्याच्या सूचनेवरून त्याचा सहकारी येरोनिमो नादाल ह्यानें, वर्षभर देवळांत जे शुभवर्तमानांतील उतारे वाचतात, त्यांच्या चित्रांची योजना केली. नादाल १५८० सालीं वारला. ग्रंथ अँटवर्पास १५९३ त निघाला. त्यांत १५३ ताम्रचित्रें आहेत. प्रत्येक चित्रांत जागोजाग 'ए', 'बी', 'सी' अशीं अक्षरें कोरलेलीं असून चित्राखालीं त्या त्या अक्षराचा खुलासा दिला आहे. प्रथम गोठ्याकडे पहा, मग गव्हाणींतील बालकाकडे, मग दूर डोंगरावरील मेंढपाळांकडे, अशा क्रमानें डोळा चालवावयाचा. आपल्याकडील ध्यानश्लोकांत देवतेचें रूप, वर्ण, आयुधें एकामागून एक सांगून मन एका ठिकाणीं स्थिर करितात, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

ह्या ग्रंथांतील पुष्कळ चित्रें योहान, हिरोनिमस व आंतोन ह्या वीरिक्स बंधूंनीं कोरलेलीं आहेत. इतकें सात्त्विक काम करणारे हे भाऊ स्वतः मात्र मोठे व्यसनी होते. प्लांटीनच्या एका पत्रांत त्यांच्याविषयीं तक्रार आहे. ज्यास त्यांच्याकडून काम हवें असेल त्यानें त्यांस गुत्त्यांतून शोधून काढावें, त्यांचें देणें फेडावें, व गहाण पडलेलीं हत्यारें सोडवून आणावीं, असा तिचा मथितार्थ आहे. त्यांच्या रेषांकडे भिंग लावून पाहिलें असतां ह्यावर विश्वास बसत नाहीं; एक रेषा चळलेली दिसत नाहीं.

आतां ह्या चित्रांचा आपल्या देशाशीं कसा संबंध आला तें सांगतों. १५७९ च्या नोव्हेंबरांत रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन जेझुइट पाद्री अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून गोव्याहून निघाले, व १५८० च्या आरंभीं फत्तेपूर शिक्रीस दाखल झाले. त्यांनीं बादशहास जो ग्रंथ नजर केला तो प्लांटीनच्याच छापखान्यांतला होता. स्पेनचा राजा दुसरा फिलिप ह्याच्या आश्रयानें १५६८ पासून १५७३ पर्यंत खपून प्लांटीननें हिब्रू, ग्रीक, लॅटिन इत्यादि भाषांत बायबलाचे आठ मोठे खंड छापिले होते. त्यांच्या आरंभीं ताम्रचित्रें होतीं. बादशहानें एकेक खंड घेऊन त्याचें चुंबन घेतलें, तो मस्तकीं धरिला, व ख्रिस्ताचें शुभवर्तमान कोणत्या खंडांत आहे हें विचारून त्यास अधिक मान दिला, असें मोन्सेरातनें लिहून ठेविलें आहे. पुढेंही पाद्र्यांबरोबर वीरिक्स बंधूंचीं व इतरांचीं ताम्रचित्रें येत राहिलीं.

बादशहा ख्रिस्ती होईल ही पाद्र्यांची आशा फोल ठरली. परंतु त्यांच्या चित्रांस दरबारांत जी जागा मिळाली ती कायमची. बसावन, केसूदास, मनोहर ह्या चित्रकारांनीं त्यांवरून नकला केल्या, त्यांतील छायेची रीत उचलली, आणि आपल्या रंगांत ती मिसळून टाकली. अबुल हसन हा पुढें जहांगिराचा आवडता चित्रकार झाला. त्यानें १६०० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षीं, जर्मन कलावंत ड्यूरर ह्याच्या ताम्रचित्रावरून सेंट जॉनची आकृति काढली, ती आज ऑक्सफर्ड येथें आहे. निनी नांवाच्या एका स्त्रीनें हिरोनिमस वीरिक्सच्या ताम्रचित्रावरून सेंट सिसिलियाच्या हौतात्म्याचें चित्र काढलें. तें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. अँटवर्पच्या गुत्त्यांत हत्यारें गहाण टाकणाऱ्या माणसाची रेषा दिल्लीपतीच्या अंतःपुरापर्यंत पोंचावी, हें त्या तांब्याच्या पत्र्याचेंच सामर्थ्य. भिंतीवरचें चित्र भिंत सोडीत नाहीं. कागद जहाजावर चढतो, व ज्याच्या हातीं पडतो त्याचा होतो.

प्लांटीनच्या वाड्यापासून पांच-सात मिनिटें चाललें म्हणजे मोठें देऊळ, म्हणजे तेथील कॅथीड्रल, लागतें. त्यांत रूबेन्सचीं चार मोठीं चित्रें आहेत. त्यांतील एक 'क्रूसावरून उतरविणें' हें होय (१६११-१४). तें बंदूकधाऱ्यांच्या संघानें करविलें. त्यांचा रक्षक संत क्रिस्तोफर, म्हणजे शब्दशः ख्रिस्तास वाहून नेणारा. म्हणून मधल्या व दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर कोणी ना कोणी ख्रिस्तास धारण केलें आहे, अशी कल्पना आहे. मधल्या फळीवर सायंकाळ झाली आहे. शिडीवर चढलेले लोक ख्रिस्ताचें निष्प्राण शरीर पांढऱ्या वस्त्रावरून हळूहळू खालीं सोडीत आहेत. वरच्या एकाचे हात गुंतले आहेत, म्हणून त्यानें वस्त्राचें टोंक दांतांत धरिलें आहे. खालीं तांबड्या वस्त्रांतील जॉन तो भार झेलण्यास उभा आहे. धर्म कोणताही असो, घरांतलें माणूस ज्यांनीं शेवटचें उचललें आहे त्यांस ह्या चित्रापुढें बोलवत नाहीं.

ह्या चित्राचें ताम्रचित्र १६२० सालीं लुकास व्होर्स्टरमन ह्यानें कोरलें. प्लांटीनच्या वाड्यास जोडून शहराचा चित्रसंग्रह आहे, तेथें आगाऊ लिहून गेल्यास अशीं चित्रें टेबलावर ठेवून दाखवितात. मूळ चित्र नुकतेंच डोळ्यांत होतें, म्हणून तुलना सोपी गेली. तांबडा रंग गेला, पण त्याची उणीव भासत नाहीं. जेथें तो होता तेथें रेषा वळत वळत अशा दाटल्या आहेत कीं वस्त्राचा जडपणा कळतो. तें पांढरें वस्त्र मात्र जवळजवळ कोरा कागद आहे. सर्व अंधार हातानें खोदून काढावा व उजेड तेवढा शिल्लक राहूं द्यावा, ही कल्पना आम्हांस त्या प्रसंगास फार साजेशी वाटली.

चित्राखालीं लॅटिन ओळी आहेत. त्यांत रूबेन्सचें नांव, व्होर्स्टरमनचें नांव, आणि राजाज्ञेचा उल्लेख आहे. आमच्या मंडळींनीं त्या ओळी वाचवून घेतल्या व विचारलें, "मग हें चित्र कोणाचें म्हणावयाचें?"

हा प्रश्न त्या काळींही विचारला गेला होता, व त्याचें उत्तर सुखाचें झालें नाहीं. आपल्या चित्रांच्या नकला कोणीही कोरून विकतो हें पाहून रूबेन्सनें १६१९-२० च्या सुमारास फ्रान्स, ब्राबांत व डच प्रांत अशा तीन सरकारांकडून हक्क मिळविले. त्याच्या परवानगीवांचून त्या मुलखांत नक्कल करण्यास बंदी झाली. त्यास कोरणारा हवा होता तो आज्ञाधारक. स्वतःच्या बुद्धीनें चालणाऱ्या मोठ्या कलावंतापेक्षां आपल्या नजरेखालीं काम करणारा होतकरू तरुण बरा, असें त्यानें एका पत्रांत म्हटलें आहे. व्होर्स्टरमन त्या वेळीं पंचविशीच्या आंतबाहेर होता. दोन-तीन वर्षांत त्यानें एकाहून एक सरस ताम्रचित्रें कोरलीं. त्यांत 'सुझाना व दोन वृद्ध' हेंही एक. खोट्या आळांतून दानिएलानें सोडविलेल्या त्या पतिव्रतेचें हें चित्र रूबेन्सनें आना रूमर्स व्हिसर ह्या डच कवयित्रीस अर्पण केलें. परंतु धनी प्रत्येक रेषेंत दुरुस्ती सांगणार, आणि कोरणाऱ्याचे डोळे व मनगट मात्र झिजत जाणार. १६२२ च्या सुमारास दोघांचें बिनसलें, आणि तें इतक्या थरास गेलें कीं रूबेन्सच्या जिवास व्होर्स्टरमनपासून धोका आहे, असा अर्ज रूबेन्सच्या मित्रांनीं सरकारांत केला. पुढें रूबेन्सचें काम पाउलस पाँटियस ह्या शांत स्वभावाच्या तरुणाकडे गेलें. व्होर्स्टरमन दीर्घायुषी झाला, पण अखेरीस दृष्टि जाऊन विपन्नावस्थेंत १६७५ सालीं वारला.

रूबेन्सचें श्रेष्ठत्व आम्ही नाकारीत नाहीं. कल्पना त्याची, मांडणी त्याची. त्याच्या वेळेचें मोलही त्यास ठाऊक होतें. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचें चित्र हवें असेल तर त्याचा बालमित्र बाल्तासार मोरेटस त्यास सहा महिने आधीं सांगून ठेवी, व रूबेन्स तें काम सुटीच्या दिवशीं करी, कारण एरवीं त्याचा दर परवडण्यासारखा नव्हता. परंतु कल्पना ज्याची त्याचेंच सर्व, असें म्हणावें तर पुढील दोन गोष्टींचा उलगडा होत नाहीं.

पहिली ज्युडिथची. आपल्या नगरास वेढा घालून बसलेल्या होलोफर्नीस ह्या सेनापतीचें शिर ज्या विधवेनें त्याच्याच तंबूंत कापिलें, तिचें मोठें चित्र रूबेन्सनें तरुणपणीं रंगविलें होतें. तें चित्र नष्ट झालें. आज तें आपणांस माहीत आहे तें कॉर्नेलिस गाले ह्यानें १६१० च्या सुमारास कोरलेल्या ताम्रचित्रामुळें. रूबेन्सच्या चित्रांवरून झालेल्या ताम्रचित्रांत तें अगदीं पहिल्यांपैकीं होय.

दुसरी गोष्ट जेझुइटांच्या देवळाची. कॅथीड्रलापासून जवळच, एका शांत चौकांत, सेंट चार्ल्स बोरोमिओचें देऊळ आहे. १६२० सालीं त्याच्या छताकरितां एकोणचाळीस चित्रें करून देण्याचा करार रूबेन्सनें केला. जुन्या करारांतील एक कथा व तिला जुळणारी नव्या करारांतील एक कथा, अशा जोड्या त्यांत होत्या. १७१८ च्या जुलैंत वीज पडून देवळास आग लागली व एकोणचाळीसही चित्रें जळून गेलीं. सुदैवानें यकोब दि विट नांवाच्या चित्रकारानें आगीपूर्वीं थोडींच वर्षें त्या छताचीं रेखाटनें करून घेतलीं होतीं. त्यांवरून यान पुंट ह्यानें ताम्रचित्रें कोरलीं, तीं १७५१ सालीं अ‍ॅम्स्टरडॅमास प्रसिद्ध झालीं. आम्ही त्या देवळांत उभे राहून वर पाहिलें, तेव्हां तेथें आगीनंतर बांधलेलें साधें छत होतें. तेथें काय होतें हें आज ज्यांस जाणावयाचें असेल, त्यांनीं रूबेन्सच्या स्वतःच्या हातच्या थोड्या टिपणांखेरीज ह्या कागदांकडेच वळलें पाहिजे.

तेव्हां आमच्या मंडळींच्या प्रश्नास उत्तर त्या चित्राखालच्या बारीक अक्षरांतच आहे, असें आम्हांस वाटतें. ताम्रचित्राच्या खालच्या कडेस बहुधा चार लॅटिन शब्दांपैकीं कांहीं आढळतात. 'इन्व्हेनिट', म्हणजे ज्यानें कल्पिलें तो. 'पिंक्सिट', ज्यानें रंगविलें तो. 'स्कल्प्सिट', ज्यानें कोरलें तो. आणि 'एक्स्कुडिट', ज्यानें छापून प्रसिद्ध केलें तो. ज्या काळीं धनी व कारागीर कोर्टकचेरीपर्यंत भांडत, त्या काळींही ही कड कोणी पुसून टाकली नाहीं. आपल्या पूर्वजांची रीत ह्याहून वेगळी नव्हती. कित्येक ताम्रपटांच्या शेवटीं दान देणाऱ्या राजाच्या प्रशस्तीनंतर लेखकाचें नांव येतें, आणि 'उत्कीर्णम्' ह्या शब्दाबरोबर तांबें कोरणाऱ्याचेंही येतें. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणविसांच्या मनांत भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून छापण्याचें आलें, व पुण्याच्या एका तांबटानें ती विद्या शिकून घेतली. नानांच्या मागें, १८०५ सालीं, मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें ती गीता छापून निघाली. एकच प्रत टिकविणारें आपलें तांबें त्या दिवशीं प्रथमच अनेक प्रति देऊं लागलें.

अँटवर्पास जाण्याचा योग ज्यांस येईल, त्यांनीं कॅथीड्रलांतील चित्रें तर पाहावींच. पण एक सकाळ शुक्रवारच्या बाजारांतील त्या वाड्यासाठीं राखून ठेवावी, व बरोबर एक भिंग न्यावें. ज्यांस जाणें शक्य नाहीं त्यांसही जुन्या ग्रंथांतून अशीं चित्रें पाहावयास मिळतात. तीं पाहतांना दृष्टि प्रथम मधल्या प्रसंगाकडे जाणार, हें योग्यच आहे. मग ती खालच्या कडेशीं आणावी, आणि 'स्कल्प्सिट' ह्या शब्दाआधीं कोणाचें नांव आहे तें वाचावें.